‘सायक्लोन’ : एका शब्दाची जन्मकथा

शब्दाचें कूळ शोधीत गेलें असतां बहुधा असा अनुभव येतो कीं, तो कोणत्या भाषेंतून आला हें सांगतां येतें, पण तो प्रथम कोणाच्या मुखांतून निघाला हें सांगतां येत नाहीं. वाऱ्यापावसाच्या प्रकारांना इंग्रजींत जीं नांवें आहेत, त्यांतील पुष्कळांची गोष्ट अशीच आहे. ‘मॉन्सून’ हा शब्द ‘मौसिम’ म्हणजे ऋतु या अरबी शब्दावरून पोर्तुगीज दर्यावर्दींच्या मार्फत इंग्रजींत गेला. आपला ‘मोसम’ हा त्याचाच भाऊबंद. ‘हरिकेन’ हा कॅरिबियन बेटांतील मूळच्या रहिवाशांचा शब्द; तो स्पॅनिश लोकांनीं उचलला व त्यांच्याकडून इंग्रजांनीं घेतला. ‘टायफून’ या शब्दांत आपल्या परिचयाचें अरबी ‘तूफान’ आणि मोठ्या वाऱ्याचें चिनी नांव हीं दोन्ही एकवटलेलीं दिसतात. हे सारे शब्द पिढ्यान् पिढ्यांच्या खलाशांच्या तोंडीं घोळून गुळगुळीत झालेले आहेत. त्यांना जन्मग्राम असेल, पण जनक नाहीं.

‘सायक्लोन’ या शब्दाचें मात्र तसें नाहीं. त्याचा जनक ठाऊक आहे, जन्मस्थान ठाऊक आहे, आणि तो कां घडविला गेला हेंही ठाऊक आहे. विशेष असें कीं, हा इंग्रजी शब्द इंग्लंडांत जन्मलेला नाहीं. तो जन्मला आपल्या देशांत, कलकत्त्यास. आणि तो पहिल्या प्रथम छापला गेला १८४८ साली, खलाशांकरितां लिहिलेल्या एका पुस्तकांत. त्याच्या कर्त्याचें नांव हेन्री पिडिंग्टन. आज आपल्या वर्तमानपत्रांतून आणि आकाशवाणीवरून दरवर्षी ज्या शब्दाचा उच्चार होतो, त्याच्या पोटांत काय सांठविलें आहे, हें आपण आज पाहूं.

प्रथम त्या वेळची स्थिति लक्षांत घेतली पाहिजे. उन्हाळ्यांत आपल्याकडे माळरानावर वावटळ उठते. पाचोळा, धूळ, कागदाचे कपटे गरगर फिरत वर चढतात, आणि लहान मूलही म्हणतें कीं वारा गोल फिरतो आहे. कारण वावटळ असते चार-दोन हातांची, आणि पाहणारा असतो तिच्या बाहेर. परंतु समुद्रावरचें प्रचंड वादळ शेंकडों मैल रुंदीचें असतें, आणि पाहणारा असतो त्याच्या आंत. त्याला वारा एकाच दिशेनें, सरळ रेषेंत येतांना भासतो. तो वाराही एका अवाढव्य वावटळीचा लहानसा तुकडा आहे, ही कल्पना त्याला स्वतःच्या अनुभवावरून सुचणें जवळ जवळ अशक्य. म्हणून शतकानुशतकें नाखवे मंडळींची समजूत अशी होती कीं, वादळ म्हणजे सरळ धांवत येणारा जोराचा वारा. त्याच्यापुढें पाठ देऊन पळत सुटलें म्हणजे केव्हां ना केव्हां सुटका होईल. या समजुतीपायीं किती गलबतें बुडालीं, त्यांची गणती कोण करणार?

ही समजूत मोडण्याचें श्रेय प्रथम दोघांना आहे. अमेरिकेंतील विल्यम रेडफील्ड याला, १८२१ साली झालेल्या एका वादळानंतर कनेक्टिकट प्रांतांतून प्रवास करतांना, एका ठिकाणीं उन्मळलेले वृक्ष एका दिशेस पडलेले, तर कांहीं मैलांवर तेच नेमके उलट दिशेस पडलेले आढळले. एकाच वादळानें झाडें दोन विरुद्ध दिशांना पाडावीं, याचा अर्थ एवढाच कीं तें वादळ फिरत होतें. १८३१ मध्यें त्यानें हें मत प्रसिद्ध केलें. इंग्रज लष्करांतील विल्यम रीड हा त्याच वर्षीच्या भयंकर वादळानंतर बार्बाडोस बेटावर मोडतोड सांवरण्याच्या कामीं गेला होता; त्यानें जहाजांच्या रोजनिशा मिळवून तोच सिद्धांत अधिक विस्तारानें मांडला व १८३८ साली त्यावर ग्रंथ लिहिला.

हाच धागा कलकत्त्यांत पिडिंग्टननें उचलला. हा गृहस्थ १७९७ साली इंग्लंडांत जन्मला. तरुणपणीं जहाजावर कप्तान होता आणि पुढें कलकत्त्यास स्थायिक झाला. तेथें जहाजांच्या अपघातांची चौकशी करणाऱ्या न्यायमंडळाचें अध्यक्षपद त्याच्याकडे आलें. विद्यापीठाची मोठी पदवी नाहीं, पण समुद्राचा अनुभव आणि टिपणें ठेवण्याची चिकाटी हीं त्याची पुंजी. जून १८३९ मध्यें बंगालच्या उपसागरांत झालेल्या वादळावर त्यानें पहिला निबंध लिहिला, आणि तेव्हांपासून पुढील अनेक वर्षें बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेंत त्याचे असे वीसांहून अधिक निबंध येत राहिले. त्याची पद्धत साधी पण कष्टाची होती. एखादें वादळ होऊन गेलें कीं, त्या वेळीं त्या टापूंत असलेल्या जितक्या जहाजांच्या रोजनिशा मिळतील तितक्या गोळा करावयाच्या. अमुक दिवशीं अमुक वाजतां हें जहाज कोठें होतें, वारा कोणत्या दिशेचा होता, वायुभारमापकांतील पारा किती उतरला होता, हें नकाशावर मांडावयाचें. आणि त्या ठिपक्यांतून वादळाची आकृति काढावयाची.

या कामीं त्याला ‘चार्ल्स हेडल’ नांवाच्या एका जहाजाची रोजनिशी मिळाली. ती मोठी उद्बोधक आहे. हें जहाज फेब्रुवारी १८४५ मध्यें मॉरिशस बेटाजवळ वादळांत सांपडलें. जुन्या समजुतीप्रमाणें कप्तानानें वाऱ्याला पाठ दिली व तो पांच दिवस सारखा पळत राहिला. हजाराहून अधिक मैलांची धांव झाली. परंतु वादळ शमल्यावर पाहतों तों जहाज मूळच्या जागेपासून त्या मानानें फारच थोडें दूर गेलेलें! घाण्याच्या बैलाप्रमाणें तें वादळाच्या मध्याभोंवतीं प्रदक्षिणा घालीत होतें. बैलाला निदान ठाऊक तरी असतें. कप्तानाला मात्र तो सरळ वाटेनें चालला आहे असेंच वाटत होतें. वारा गोल फिरतो, याचा याहून ढळढळीत पुरावा कोणता हवा?

सिद्धांत मिळाला, तेव्हां शब्दाची अडचण भासूं लागली. इंग्रजींत वाऱ्याला नांवें थोडीं नव्हतीं. पण तीं वाऱ्याचा जोर सांगत, त्याची चाल सांगत नसत. त्यांतही एका समुद्रावर जें नांव, तें दुसऱ्या समुद्रावर नाहीं. आपल्याकडेही ‘वादळ’, ‘तुफान’, ‘झंझावात’ हे शब्द वाऱ्याचा वेगच मनापुढें उभा करतात. पिडिंग्टनला असा शब्द हवा होता, कीं जो ऐकतांच खलाशाला ‘हा वारा वळणारा आहे’ एवढें उमजेल. म्हणून तो ग्रीक भाषेकडे वळला. ‘कुक्लोस’ म्हणजे वर्तुळ किंवा चाक. परंतु त्यानें या शब्दाची जी छटा मुद्दाम पुढें केली, ती सापाच्या वेटोळ्याची होती. असें त्यानें कां केलें? वारा फिरतो हें सिद्ध झालें होतें; पण तो तंतोतंत वर्तुळांत फिरतो कीं किंचित् आंत वळत जातो, याबद्दल त्याची खात्री पटलेली नव्हती. जें सिद्ध झालेलें नाहीं तें शब्दानें बोलूं नये, असा त्याचा कटाक्ष होता. वेटोळें म्हटलें म्हणजे गोलाई आली, पण तें काटेकोर वर्तुळ असल्याचा दावा आला नाहीं. पुढें मॉरिशसच्या चार्ल्स मेल्ड्रम या शास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, वारा खरोखरीच आंत आंत वळत मध्याकडे जातो. म्हणजे ज्ञान वाढलें, तरी शब्द बदलावा लागला नाहीं. त्यांत त्या ज्ञानाला जागा आधींच ठेवलेली होती.

येथें आपल्या दृष्टीनें एक मौजेची गोष्ट सांगितली पाहिजे. ग्रीक ‘कुक्लोस’ आणि संस्कृत ‘चक्र’ हे सख्खे भाऊ आहेत; भाषाशास्त्रज्ञ या दोहोंचें मूळ एकच मानतात, आणि इंग्रजींतील ‘व्हील’ हाही त्याच घराण्यांतला. तेव्हां मराठीनें ‘सायक्लोन’ला ‘चक्रीवादळ’ हें नांव दिलें, तें नुसतें भाषांतर झालें नाहीं. फार पूर्वीं घर सोडून गेलेला नातलग वेष पालटून परत यावा आणि घरच्यांनीं त्याला ओळखावें, तसाच हा प्रकार आहे. भूगोलाच्या पुस्तकांतून ‘आवर्त’ असाही शब्द आढळतो. तोही वळण्याचाच अर्थ सांगतो.

आतां पिडिंग्टनच्या पुस्तकाकडे वळूं. त्याच्या नांवांत ‘हॉर्नबुक’ असा शब्द आहे. पूर्वीं इंग्लंडांत मुलांना मुळाक्षरें शिकविण्यासाठीं लांकडी पाटीवर अक्षरांचा कागद ठेवून त्यावर शिंगाचा पातळ, पारदर्शक पापुद्रा बसवीत; त्या पाटीला ‘हॉर्नबुक’ म्हणत. आपण म्हणूं, वादळविद्येची ही अंकलिपी. आणि गंमत अशी कीं, या पुस्तकासोबत खरोखरच शिंगाचे दोन पारदर्शक तुकडे दिलेले असत, त्यांवर वर्तुळें व वाऱ्याचे बाण कोरलेले. विषुववृत्ताच्या उत्तरेस वादळ घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेनें फिरतें, दक्षिणेस कांट्यांच्या दिशेनें. म्हणून एक तुकडा उत्तरेसाठीं, एक दक्षिणेसाठीं. कप्तानानें तो समुद्राच्या नकाशावर ठेवावा, त्यावरचा बाण वाहत्या वाऱ्याच्या दिशेशीं जुळवावा, कीं वादळाचा मध्य कोणीकडे आहे तें त्याला दिसावें. ज्यानें आयुष्यांत गणिताचें पुस्तक उघडलें नसेल त्यालाही हें करतां येत असे.

त्या शिंगाच्या तुकड्याचा सारांश आपणां सर्वांना आजही ठाऊक असण्याजोगा आहे. उत्तर गोलार्धांत वादळी वाऱ्याकडे तोंड करून उभें राहिलें असतां वादळाचा मध्य आपल्या उजव्या हाताला, किंचित् मागच्या बाजूस असतो. कोंकणच्या किनाऱ्यावरील मनुष्यानें दक्षिणेच्या वाऱ्याकडे तोंड केलें, तर त्याचा उजवा हात पश्चिमेस, म्हणजे समुद्राकडे होईल. वादळ तिकडे आहे असें त्यानें समजावें. आणि चक्र म्हटलें कीं मध्य आला. त्या मध्यावर वारा पडतो, कधीं कधीं आकाशही उघडतें. अजाण मनुष्य समजतो कीं संकट टळलें, आणि छप्पर पाहण्यास किंवा होडी ओढण्यास बाहेर पडतो. परंतु तो केवळ चाकाचा आंस असतो. थोड्याच वेळांत उलट दिशेचा वारा तितक्याच जोरानें कोसळतो. शब्दाचा अर्थ ज्यानें जाणला, तो या शांततेला फसत नाहीं.

पिडिंग्टनचें लक्ष जहाजांपुरतेंच नव्हतें. चक्रीवादळ किनाऱ्यावर येतांना समुद्राचें पाणी पुढें लोटीत आणतें, हें त्यानें वारंवार बजावलें. आपल्या त्र्यंबकेश्वरीं उगम पावणारी गोदावरी जेथें समुद्रास मिळते, त्या मुखाजवळील कोरिंगा हें बंदर डिसेंबर १७८९ मध्यें अशाच लाटांनीं धुवून नेलें होतें. त्याची हकीकत त्यानें नोंदवून ठेविली आहे. १८३९ च्या नोव्हेंबरांत त्याच कोरिंग्यावर पुन्हां तोच प्रसंग आला. वारा घर मोडतो, पण माणसें मारतें तें मुख्यतः पाणी, हा धडा त्यानें त्यांतून घेतला.

आणि हाच धडा ऐकण्याची वेळ आली, तेव्हां तो ऐकला गेला नाहीं. हुगळी नदी गाळानें भरत चालली आहे अशी भीति कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांना वाटूं लागली होती. तिला पर्याय म्हणून कलकत्त्याच्या आग्नेयेस, सुंदरबनाच्या तोंडाशीं, मातला नदीच्या कांठीं नवें बंदर वसवावें असा विचार निघाला. बंगालींत ‘मातला’ म्हणजे मातलेली, उन्मत्त. नदीचें नांवच जणुं सूचना देत होतें. १८५३ साली पिडिंग्टननें गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसी यांना उद्देशून एक पत्र छापून प्रसिद्ध केलें. त्यांत त्यानें स्पष्ट लिहिलें कीं, येथें एक ना एक दिवस चक्रीवादळाबरोबर खाऱ्या पाण्याचा प्रचंड लोट येईल, आणि सारी वसाहत पांच ते पंधरा फूट पाण्याखालीं जाईल. वादळांच्या मागें लागलेल्या एका वृद्ध कप्तानाचें हें बोलणें कोण मनावर घेतो? बंदर झालें, त्याला लॉर्ड कॅनिंग यांचें नांव मिळालें. १८६३ पर्यंत कलकत्त्याहून तेथवर रेल्वे गेली. मुंबईंत कापसाच्या तेजीमुळें त्याच सुमारास शेअरांचें जें वेड माजलें होतें, त्यांत या पोर्ट कॅनिंगच्या कंपनीच्या शेअरांवरही पैशाच्या उड्या पडल्या. ज्यांनीं मातला नदी डोळ्यांनीं पाहिली नव्हती, त्यांनीं तिच्या चिखलावर भाग्य बांधलें.

१८५८ साली पिडिंग्टन कलकत्त्यास वारला. १ नोव्हेंबर १८६७ रोजीं चक्रीवादळ आलें, आणि सुमारें सहा फुटांची लाट पोर्ट कॅनिंगवरून गेली. रेल्वेच्या इमारती, गुदामें, धक्के यांची वाताहत झाली. बंदर म्हणून त्या गांवाचें आयुष्य त्यानंतर थोड्याच वर्षांत संपलें. आज कॅनिंग हें सुंदरबनाकडे जाणाऱ्या उतारूंचें स्थानक म्हणून उरलें आहे. शब्द मात्र तोंवर साऱ्या जगानें उचलला होता. ज्यानें शब्द दिला त्याचा शब्द मानला नाहीं, असें या प्रसंगाविषयीं म्हणावें लागतें.

अर्थात् त्याचे श्रम अगदींच वायां गेले नाहींत. ५ ऑक्टोबर १८६४ च्या चक्रीवादळांत कलकत्ता व हुगळीचा कांठ मिळून सुमारें पन्नास हजार माणसें दगावलीं, बंदरांतील बहुतेक जहाजें निकामी झालीं. तेव्हां सरकारचे डोळे उघडले. पुढील वर्षीं कलकत्ता बंदराला वादळाची आगाऊ सूचना देण्याची व्यवस्था सुरू झाली, आणि १८७५ साली हेन्री ब्लॅनफर्ड यांच्या देखरेखीखालीं हिंदुस्थानचें हवामान खातें स्थापन झालें. आज वादळाचा इशारा देणारें खातें तें हेंच होय.

या मधल्या काळांत शब्दानेंही बराच प्रवास केला. १८६३ साली फ्रान्सिस गॉल्टननें वायुभार जेथें अधिक असतो अशा उलट फिरणाऱ्या वाऱ्यांना ‘अँटिसायक्लोन’ म्हटलें. आपले पाठ्यपुस्तककार त्याला ‘प्रत्यावर्त’ म्हणतात. युरोपांतील शास्त्रज्ञांनीं थंड प्रदेशांतील कमी वायुभाराच्या विस्तीर्ण क्षेत्रालाही ‘सायक्लोन’च म्हटलें, मग त्यांत विध्वंस असो वा नुसता रिमझिम पाऊस असो. अमेरिकेच्या मैदानी मुलखांत तर लोक सोंडेसारख्या लहान पण भयंकर वावटळीस ‘सायक्लोन’ म्हणूं लागले, जिचें शास्त्रीय नांव ‘टॉर्नेडो’ आहे. म्हणून शास्त्रज्ञांना आपल्या समुद्रावरील प्रकारास ‘उष्ण कटिबंधीय’ असें विशेषण जोडावें लागलें. अटलांटिकवर त्यालाच हरिकेन व चीन-जपानच्या बाजूस टायफून म्हणतात, वस्तु एकच. आपल्या हवामान खात्यानें तर त्याला मापही घातलें आहे : वाऱ्याचा वेग ताशीं ६२ किलोमीटरवर गेला म्हणजे त्या वादळास ‘सायक्लोन’ ही पदवी मिळते. २००४ पासून आपल्या बाजूच्या समुद्रांवरील प्रत्येक अशा वादळास स्वतंत्र नांव देण्याचाही प्रघात पडला आहे.

तथापि नांव देणें निराळें आणि अर्थ जाणणें निराळें. नोव्हेंबर १९७० मध्यें त्या वेळच्या पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर चक्रीवादळाच्या लाटेनें निदान तीन लक्ष माणसें नेलीं. वादळ येत आहे हें ठाऊक होतें, पण पाणी येणार आहे हें झोंपड्यांपर्यंत पोंचलें नव्हतें. १९९९ च्या ऑक्टोबरांत ओरिसाच्या किनाऱ्यावर सुमारें दहा हजार माणसें मेलीं. त्याच किनाऱ्यावर १२ ऑक्टोबर २०१३ रोजीं ‘फायलिन’ नांवाचें तसेंच उग्र वादळ आलें. परंतु त्यापूर्वींच आंध्र व ओरिसाच्या किनाऱ्यावरून सुमारें दहा लक्ष लोकांना उंच व पक्क्या जागीं हलविलें होतें, आणि मृतांची संख्या कांहीं दशकांपलीकडे गेली नाहीं. समुद्र तोच, वाराही प्रखरच. मधल्या चौदा वर्षांत माणसांनीं शब्दाचा अर्थ अंमलांत आणण्याची तयारी केली, एवढाच फरक.

आपण कोंकणस्थ किनाऱ्याचे लोक पुष्कळ दिवस असें समजत आलों कीं, हा विषय बंगाल-ओरिसाचा आहे. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलें, आणि श्रीवर्धन-मुरुडकडील नारळी-पोफळींच्या ज्या बागा उभ्या करण्यास पिढ्या लागल्या, त्या कांहीं तासांत आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षीं मे महिन्यांत ‘तौक्ते’ सबंध किनाऱ्याला घासून गुजराथेकडे गेलें. तेव्हां हा शब्द आतां आपल्याही उंबऱ्याशीं आला आहे.

म्हणून श्रोते हो, पुढच्या वेळीं ‘चक्रीवादळ’ हा शब्द कानीं पडला, कीं तो निव्वळ मोठ्या वाऱ्याचें नांव समजूं नका. त्यांत तीन सूचना आहेत. वारा वळणार आहे, म्हणून आज जी भिंत आडोसा वाटते तीच उद्यां वाऱ्याच्या तोंडावर येईल. मध्यें शांतता येईल, ती खोटी असेल. तिच्यांत घराबाहेर पडूं नये. आणि किनाऱ्याजवळच्यांनीं वाऱ्याहून अधिक पाण्यास भ्यावें, व अधिकाऱ्यांनीं जागा सोडण्यास सांगितलें म्हणजे गुराढोरांसह वेळींच सोडावी. या सूचना घरांतील मुलांना सांगून ठेवाव्या, कारण प्रसंग येईल त्या वेळीं शब्दकोश उघडून पाहण्यास सवड मिळणार नाहीं.